अंथरुणाला न खिळणारं घराणं

भाऊमामा गेल्या वैशाखात पावसच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरताना गेले. वय एक्कावन्न. हृदयविकाराचा झटका.

घराण्याच्या मानाने ते उशिरा गेले. त्यांचे वडील पंचेचाळिशीत विहिरीवर कोसळले, थोरला भाऊ चाळिशीच्या आतच. मामांना याचा अभिमान होता. लग्नकार्यात, बाजारात, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही ते ऐकवत, "आमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलं नाही. उभ्याने जातात, राजासारखे." लवकर मरणं हा खानदानी गुण समजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आंब्यातलं त्यांना कळत असे, हे नाकारता येत नाही. आढीतलं कुठलं फळ आतून बिघडलंय, ते न कापता, देठाशी नाक नेऊन सांगत. मलाही त्यांनीच शिकवलं. चुकलो की म्हणत, "पेपरात लिहितोस आणि नाक घरी ठेवतोस काय रे?" स्वतःच्या टाचेमागच्या गाठींचं निदान मात्र त्यांनी कधीच उरकलं होतं: झाडावर चढून पडलेले घट्टे. त्यांची मुलगी शिल्पा जन्मात झाडावर चढली नव्हती. गाठी तिलाही होत्या.

शिल्पा लोट्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. कंपनीच्या तपासणीत तिचं कोलेस्टेरॉल इतकं निघालं की रक्त पुन्हा घ्यावं लागलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तिच्या जनुकाची चाचणी करवली आणि बापलेकीला समोर बसवलं. यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात, ते रक्तातलं कोलेस्टेरॉल पकडून आत ओढतात. ते बनवणाऱ्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. शिल्पाची बापाकडची प्रत बिघडलेली होती. दोघांच्या टाचेमागच्या गाठी म्हणजे तिथे साचलेलं कोलेस्टेरॉलच.

"म्हणजे दारावरचा गडी झोपलाय म्हणा की," मामा म्हणाले. "हाकला त्याला."

"तो तुमच्या वडिलांपासून आलाय भाऊ, हाकलता येत नाही. पण दुसरा जागा आहे. गोळी त्याला जास्त कामाला लावते. तुम्हीही घ्या."

"गोळीवर जगलेला माणूस आमच्या घरात नाही."

विधान खरं होतं. गोळी कोणी घेतली नव्हती आणि जगलंही कोणी नव्हतं. शिल्पाने गोळी सुरू केली, मामांनी केली नाही.

मग गणपतीपुळ्याचं स्थळ आलं. मामांनी गाठी झाकायला मुलीला मोजे घालायला लावले. गोळ्यांचं पाकीट तेवढं माठाशेजारी राहिलं.

"ही गोळी कोणाची?" मुलाच्या आईने विचारलं.

"माझी. ॲसिडिटी हो," मामा म्हणाले.

"माझी आहे," शिल्पा म्हणाली. "जन्मभर घ्यायची. पुढे मुलांनाही लागू शकते."

स्थळ गेलं. "घराण्याचं नाव घालवलंस," एवढं म्हणून मामांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ते पुन्हा सुरू झालं नाही.

भाऊमामांच्या तेराव्याला धाकटे मामा ओटीवर म्हणाले, "भाग्यवान हो. अंथरुणाला टेकला नाही."

आत पानं मांडलेली होती. शिल्पाने वाढू दिलं नाही. तिने रत्नागिरीहून रक्त घेणारा माणूस बोलावला होता.

"काका, पहिले तुम्ही."

"अगो, आज बापाचं तेरावं ना तुझ्या?"

"म्हणून तर सगळे इथे आहेत. आणि उपाशी आहेत."

धाकट्या मामांनी बाही वर केली. मागोमाग माझ्या आईने, मग आम्ही सगळ्यांनी. पानं त्यानंतर वाढली.

त्याच आठवड्यात रिपोर्ट आले. आईचा आणि माझा चांगला आहे. धाकट्या मामांचं आणि त्यांच्या मुलीचं कोलेस्टेरॉल शिल्पाइतकंच निघालं. दोघांच्या गोळ्या सुरू आहेत.