अक्काची थोरली, माझी धाकटी

मला हसू आवरत नाही. आज म्हातारपणी आवरत नाही, तर तेव्हा कुठून आवरणार? लग्नात अंतरपाट धरलेला असताना भटजींच्या नाकावर माशी बसली. ते मंगलाष्टकं म्हणता म्हणता नाक हलवून तिला उडवायला बघत होते, आणि मी मुंडावळ्यांच्या आत गदागदा हलत होते. पलीकडं उभ्या नवरदेवाला वाटलं, पोरगी रडतेय. नंतर किती दिवस ते मला विचारायचे, "येवढं वाईट वाटलं व्हतं व्हय?" काय सांगणार, कपाळ!

सासरी माझा हा रोग पहिल्यांदा ओळखला तो अक्कानं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ओळखला, कारण तिला तोच रोग होता. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. अक्काची एकुलती लेक लग्न होऊन अक्कलकोटकडं नांदायला गेलेली. म्हणजे नळदुर्गाच्या अलीकडच्या त्या माळवदाच्या घरात दोन भाऊ आणि आम्ही दोघी जावा. निजामाचं राज्य होतं, लढाईमुळं रॉकेल मिळत नव्हतं, ज्वारी सरकारात घालावी लागायची. पण खरं सांगते, आम्हा दोघींना चुलीपुढं बसून हसायला कसलीच टंचाई नव्हती. भाकरी थापता थापता अक्का एकदा अशी हसली की भाकर तव्याऐवजी चुलीत गेली.

मग भावाभावांत वाजलं. कशावरून? बैलांना आधी पाणी कुणी पाजायचं, यावरून. खोटं वाटत असेल तर वाटू दे. शब्दानं शब्द वाढला, पंच बसले आणि वाटणी झाली. वाटणी कशी, तर अगदी काटेकोर. पातेली मोजली, उखळ एकाला तर मुसळ दुसऱ्याला. जात्याचे दोन दगड दोन घरी गेले नाहीत, येवढंच नशीब! आणि शेवटी देवघराशी आले तेव्हा या शहाण्यांनी महालक्ष्म्यासुद्धा वाटून घेतल्या.

आमच्याकडच्या महालक्ष्म्या म्हणजे भादव्यात बसणाऱ्या ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. आमच्या घरच्या लाकडी होत्या, सागाच्या, डोकं आणि खांद्यापर्यंतचं धड. ते धान्याच्या कणगीवर ठेवून लुगडं नेसवलं की बाई उभी राहिली. अक्काचे मालक, म्हणजे आमचे भाऊजी, थोरले, म्हणून थोरली त्यांच्याकडं. आम्ही धाकटे, म्हणून धाकटी आमच्याकडं. फैसला झाला. बहिणी-बहिणींची ताटातूट करतोय, येवढंसुद्धा एकाच्या डोक्यात आलं नाही.

अंगणातून मातीची भिंत उठली, छातीइतकी. आणि भाऊजींनी अक्काला बजावलं, "पलीकडच्या घराशी एक शब्द बोललीस तर माझ्या गळ्याची आण हाय तुला." हे ऐकून आमचे मालक कशाला मागं राहतायत? त्यांनी लगेच तीच आण मला घातली. नवऱ्याच्या गळ्याची आण म्हणजे काय थट्टा नव्हे. ज्यानं घातली त्यानंच तोंडानं "सुटली" म्हणावं, तेव्हा ती सुटते. तोवर बायकोनं ती मोडली तर नवऱ्याच्या जिवावर बेतणार, असं आम्ही दोघी अगदी मनापासून मानत होतो.

आता माझी गोष्ट अशी की मला दिवस गेलेले होते. माहेरी आई नाही, ती मी परकरात असतानाच गेली. बाळंतपणाला जायचं कुठं? अक्का हे कळलं त्याच दिवशी म्हणाली होती, "तुझं बाळंतपण म्या करणार, तू कशाला घाबरतीस?" गल्लीतल्या किती बायका तिच्या हातांखाली मोकळ्या झाल्या होत्या. मी त्या शब्दावर निर्धास्त होते. आणि आता मध्ये भिंत. दिवसभर कुणाशी बोलणं नाही, हसणं नाही, आणि पोटातलं पोर लाथा मारतंय ते सांगायला कुणी नाही. मला भीती वाटायची. सरळ सांगते, लई भीती वाटायची.

आषाढ सरला तसं दोन्ही भावांच्या ध्यानात आलं की एक-एक लक्ष्मी बसवता येत नाही. जोडच लागते. मग दोघं एकमेकांना चोरून एकाच सुताराकडं गेले, कारण गावात देव कोरणारा सुतार एकच. भाऊजींना धाकटी हवी, आम्हाला थोरली. सुतारकाका म्हणाले, "जुनी आणून ठेवा म्होरं, बघून जोड करतो." म्हणून दोन्ही जुन्या लक्ष्म्या त्यांच्या छपरातल्या फळीवर शेजारी शेजारी बसल्या. भावांनी वाटल्या आणि सुतारानं परत एकत्र केल्या.

या सुतारकाकांची एक रीत होती. नांगर, वखर, गाडीची चाकं काहीही करताना ते मुकाट काम करायचे, पण देव कोरायचा तर त्या घरच्या सवाष्णीनं रोज सकाळी येऊन लाकडाला हळदकुंकू लावल्याशिवाय ते हत्यार उचलत नसत. मूर्तीचे डोळे उघडेपर्यंत, रोज. त्यांच्या वाडवडलांची रीत, तिला कोण नाही म्हणणार? झालं! आमच्या नवऱ्यांनी स्वतःच्या तोंडानं आम्हाला रोज सकाळी एका छपराखाली पाठवलं.

पहिल्या दिवशी मी गेले तर अक्का आधीच बसलेली. दोघींचे पदर डोळ्यांपर्यंत. बोलायचं तर नाही. मी माझ्या ठोकळ्याला कुंकू लावलं, तिनं तिच्या. मग अक्का आपल्या ठोकळ्याकडं बघून अगदी गंभीरपणे म्हणाली,

"बाई लक्ष्मी, तुझ्या बहिणीला जरा इचार, काल धुराचा वास कशाचा येत व्हता?"

माझ्या पोटात हसू असं उसळलं की मी ठोकळ्याला मिठीच मारली. मग मी पण माझ्या ठोकळ्याला सांगितलं, "आई, तुमच्या बहिणीला सांगा, वांगं करपलं. आन् त्येच मालकांनी मिटक्या मारत खाल्लं."

"बाई, तिला म्हणावं, तुझ्या मालकाला जीभच न्हाय."

"आई, त्यांना म्हणावं, जीभ हाय, पर ती निस्ती भांडायला."

सुतारकाका वाकसाला, तासायच्या हत्याराला, धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "लाकडाला ऐकू येतं ते ठीक हाय. पर मला बी येतं. जरा बेतानं."

तेव्हापासून रोज हेच. कुणाची म्हैस कुणाच्या रानात शिरली, नाक्यावरच्या शिपायाची टोपी माकडानं कशी पळवली, सगळं आम्ही लाकडाला सांगायचो. लाकूडच ते, आण त्याला कुठून लागू व्हायची? मी हसत हसत घरी जायची आणि मालक म्हणायचे, "देवाचं काम लई लागू पडतंय तुला." मी म्हणायची, "व्हय, लक्ष्मी पावतेय."

मात्र एक गोष्ट बोलता यायची नाही. सुतारकाका बोलून चालून पुरुष माणूस. त्यांच्यापुढं पोटाचं, कळांचं, रात्री उताणं झोपवत नाही त्याचं कसं बोलायचं? अक्का माझ्या पोटाकडं बघायची, ओठ हलवायची आणि ठोकळ्याला ज्वारीचा भाव विचारायची. मी पण भाव सांगायची.

ठोकळ्यांना कपाळं आली, गाल आले, ओठ आले. तशी आमची धांदल उडाली. मूर्ती पुरी झाली की हळदकुंकू बंद, म्हणजे आमचं बोलणं बंद. मग अक्कानं खोड काढली. "काका, माझ्या धाकटीचं नाक जरा जाड वाटतंय का वो?"

काकांनी पटाशीनं तासलं. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, "काका, आता माझ्या थोरलीचं नाक तिच्यापरीस लांब दिसतंय." काकांनी ते तासलं. मग अक्काला आपलं पुन्हा जाड वाटलं. मग मला. असं करता करता एके सकाळी काकांनी पटाशी खाली टाकली आणि दोन्ही मूर्ती आमच्यापुढं ठेवल्या.

"बायांनो, नाकच उरलं न्हाय. आता नथ घालायची कुठं, गालात? तुमच्या नवऱ्यांनी घर तासलं, तुमी देवी तासल्या. उद्या डोळे काढणार, कोण काय म्हणतंय बघतोच!"

आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून बसलो होतो. पण खरंच, नाकं अशी आखूड झाली होती की दोघी लक्ष्म्या हसू दाबून धरल्यासारख्या दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी काकांनी काजळानं डोळे रेखले, आरसा दाखवला, आम्ही ओट्या भरल्या. आपापली जोडी सुपात घेऊन दोघी दोन वाटांनी निघालो. वळून बघायचं धाडस मला झालं नाही.

त्यानंतर माझे पाय सुजायला लागले. सातवा सरत आला होता. सकाळी कमी, सांजच्याला जास्त. जोडवी रुतायची. हे बरं की वाईट, कुणाला विचारू? मालकांना सांगितलं तर म्हणाले, "चालू नको." येवढीच त्यांची अक्कल. भिंतीपलीकडं अक्का खोकली तरी मला रडू यायचं.

लक्ष्म्या यायचा दिवस उजाडला. आणि सांजच्याला आणखी एक गोष्ट आमच्या शहाण्यांच्या ध्यानात आली. लक्ष्म्या दोघी, त्यांना तुळशीपासून आत आणायला सवाष्णी लागतात दोन. शिवाय दारात ताट वाजवून विचारणारं कुणीतरी लागतं, "काय आलं?" आणि हातात लक्ष्मी घेतलेलीनं सांगायचं, "लक्ष्मी आली." पावलापावलाला विचारायचं, पावलापावलाला सांगायचं, तेव्हा कुठं ती उंबरा ओलांडते. भावांनी घर वाटलं, देव वाटले, पण दोन घरांत बाई एक-एकच उरली होती!

मी तुळशीपाशी दोन काखांत दोन लक्ष्म्या घेऊन उभी. भिंतीपलीकडं अक्का तशीच. मालक दारात ताट आणि पळी घेऊन. शेजारच्या मोमिनांची चाची आपल्या माळवदावर वाळवण गोळा करता करता थांबून बघायला लागली. मालकांनी ताट वाजवलं, घसा खाकरला आणि पाहुण्याला विचारावं तसं जोरात विचारलं,

"कोण हाय?"

मला एकदम हसण्याचा उमाळा आला. मी थोरलीच्या डोक्याआड तोंड लपवलं. वरून चाची ओरडली, "अगे, जवाब तो दे! नहीं तो चोर समझेगा वो!" मालक बावरले. त्यांनी पुन्हा विचारलं, "आरं, कोण आलंय?"

आणि भिंतीपलीकडून अक्काचा खणखणीत आवाज आला. "लक्ष्मी आली!"

ती माझ्याशी बोलत नव्हती हां. ती तिच्या लक्ष्म्यांचं म्हणत होती, कारण तिच्या दारात भाऊजी ताट घेऊन काही न विचारताच उभे होते. पण उत्तर आलं ते बरोबर. मग मी काखेतल्या थोरलीला विचारलं, "कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली!"

"आन् कशाच्या पावलानं?"

"हळदीकुंकवाच्या पावलानं!"

भिंतीच्या अलीकडून मी, पलीकडून ती. दोन्ही भाऊ ताटं वाजवतायत, एकाचा ठेका दुसऱ्याला जुळत नाही, चाची वरून हसतेय, आणि काखेतली बिननाकाची थोरली माझ्याकडं बघतेय. माझं हसू आता कुणाच्या बापाला आवरणारं नव्हतं. लक्ष्म्या मांडीवर घेऊन मी तुळशीच्या कट्ट्याला टेकून खाली बसले, डोळ्यांतून पाणी, पोट धरलेलं.

पण अक्काला भिंतीवरून दिसलं ते येवढंच की मी पोट धरून खाली बसले.

तिचं उत्तर मध्येच थांबलं. मी वर बघितलं. ती भिंतीला चिकटून उभी होती, दोन्ही लक्ष्म्या एका हातात कवटाळून. तिला मला हाक मारायची होती. तिनं स्वतःचा हात तोंडावर दाबून धरला होता, नवऱ्याच्या जिवासाठी. तिचे डोळे बघून माझं हसू जिथल्या तिथं गेलं.

भाऊजी तिच्याकडं बघत होते. त्यांच्या हातातलं ताट थांबलं.

"सुटली," भाऊजी म्हणाले. मग जोरात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "सुटली, सुटली! जा!"

आमचे मालक दारातून ओरडले, "आमची बी सुटली!" आणि त्यांच्या हातातलं ताट घरंगळत अंगणभर गेलं.

अक्का दारानं आली नाही. लक्ष्म्या धावत आलेल्या भाऊजींच्या हातांत कोंबल्या आणि लुगड्याचा काष्टा खोचून सरळ भिंतीवर चढली. ओली-सुकी माती तिच्याबरोबर खाली आली. ती माझ्यापुढं गुडघ्यांवर बसली, पोटावर हात ठेवला, पोर आतून हललं तसा तिनं श्वास सोडला. मग तिची नजर खाली गेली. तिनं माझा पाय उचलून मांडीवर घेतला आणि घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा रुतला तिथं खळगा तसाच राहिला.

इतक्या दिवसांत लाकडाशी नव्हे, माझ्याशी बोललेला तिचा पहिला शब्द होता तो.

"अगं बया, पाय किती सुजलेत तुझे! सांगितलं का न्हाईस?"

"कुणाला सांगू, अक्का?" मी म्हणाले, आणि लग्नात हलले होते तशीच गदागदा हलायला लागले, पण या खेपेला मी खरंच रडत होते.