कावळा, काका आणि बी.ए.चं शेवटचं वर्ष

बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं आणि चिंचवडच्या पारावर मंडळींना बोलायला विषय मिळाला. ‘त्येच्यासाठी पुण्याला कशाला जायाचं? देहूला जाऊन बस की! तितं फी बी न्हाई,’ असं एकाने सुनावलं आणि सगळे खो खो हसले. मला राग पटकन येतो, तेव्हाही यायचा. ‘देव आहे की नाही हे आम्हाला विचारायला मुभा असते, आणि त्याचे मार्कही मिळतात,’ असं मी ठणकावून सांगितलं. त्यावर तर ते आणखीच हसले.

सायकल मारत मी दापोडीचा पूल ओलांडून कॉलेजात जायचो. वर्गात आम्ही तिघेच होतो. तिघांसाठीही आमचे सर कोट घालून यायचे आणि शंभर पोरांसमोर बोलावं तसं तावातावाने बोलायचे. एक गोष्ट झाली आणि मागोमाग दुसरी झाली, म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली असं धरून चालायचं नाही. कारण शोधायचं असेल, तर बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं. हे ऐकलं त्या दिवशी मी घरी येईपर्यंत सायकलवर एकटाच हसत होतो. अख्ख्या गावाची बोलती बंद करायचं साधन हाती लागलं, असं मला वाटलं होतं.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत शिकलेले. संध्याकाळी गोठ्यात ते विचारायचे, ‘आज काय शिकवलं?’ समोर दिसणारी वस्तू खरोखर आहे हे सिद्ध करता येत नाही, असं मी एकदा त्यांना सांगितलं. त्यांनी म्हशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘मंग आज हिला वैरण घालू नगं. रातभर वरडून ती सिद्ध करंल.’ माझ्या विषयावर त्या गावात एवढा विचार दुसऱ्या कुणी केला नव्हता.

शेवटचं वर्ष अर्धं झालं होतं तेव्हा पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता. त्यात आमचं एक शेत गेलं आणि त्या बदल्यात घरातल्या एका माणसाला नोकरी मिळणार होती. काकांनी, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाने, खेटे घालून माझं नाव लावून आणलं. पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं, आणि माझी परीक्षा पाच महिन्यांवर. आबा नुसतं ‘बघू’ म्हणाले. त्यानंतर त्यांना ताप भरला आणि आठव्या दिवशी ते गेले.

दहाव्याला पवनेच्या घाटावर भावकी जमली. माझं डोकं भादरलेलं होतं. दगडावर भाताचे पिंड मांडले होते आणि समोरच्या उंबरावर तीन कावळे बसले होते. आमच्याकडे कावळा पिंडाला शिवला की गेलेला माणूस सुटला म्हणतात. शिवला नाही, तर त्याची काही इच्छा मागे राहिली असं समजून घरचे मोठ्याने एकेक कबूल करत जातात. काकांनी हात जोडले. माझ्या बहिणीचं लग्न करून देईन म्हणाले, वहिनीला अंतर देणार नाही म्हणाले. कावळे जागचे हलले नाहीत. ऊन चढत गेलं. गुरुजींनी शेवटचा उपाय म्हणून दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेव्हा काका माझ्याकडे वळले. ‘थोरल्याचा जीव कशात अडकलाय ते समद्यांस्नी ठावं हाय. कालिज सोडतो, नोकरीला जातो, असं म्हण लेका.’

‘आबा असं कधी म्हणाले होते का?’

‘मेल्यालं मानूस तोंडानं बोलतंय व्हय?’

तीस-चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. आबा गेल्याचं नीट रडूही दिलं नव्हतं मला कुणी, आणि आता त्यांनाच पुढे करून हे माझं वर्ष हिसकावून घ्यायला निघाले होते. एकदा तिथे हो म्हटलं की संपलं. घाटावर दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही, हे काकांना पुरतं ठाऊक होतं.

‘कावळे माणसांना भितात,’ मी म्हणालो. ‘सगळे त्या पिंपळापर्यंत मागे सरा. कुणीही काहीही कबूल करायचं नाही. मग बघू.’

‘हितं कालिज भरलंय व्हय?’ काका कडाडले.

दहा दिवसांत आई कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती. ती उठली आणि पिंडांकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे जाऊ लागली. तिच्या मागोमाग बायका सरकल्या, नाइलाजाने पुरुषही सरकले. आम्ही पिंपळाला पोचतो न पोचतो तोच एक कावळा खाली उतरला आणि मधल्या पिंडात चोच घालून उडाला.

मी काही बोलणार एवढ्यात काकांनी डोळे पुसले. ‘बघा! पोरानं मनातल्या मनात कबूल केलं. थोरला सुटला!’

एकाच्या मनात काय आहे हे दुसऱ्याला दाखवून देता येत नाही. त्यावर आम्हाला एक अख्खा धडा होता. म्हणून मी वाद घातला नाही. ‘व्हय काका,’ मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘केलं कबूल. आबा, मी परीक्षा देतो, असं म्हणालो. आन् कावळा शिवला.’

न्याय काकांचाच होता, आता तो मोडणार कसा? पुढे ती नोकरी त्यांनी स्वतःच धरली आणि माझ्याशी वर्षभर अबोला धरला.

खरं तर मनात मी काहीच म्हटलं नव्हतं. आबांच्या पिंडासमोर मी धडधडीत खोटं बोललो. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही. तशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा बोलेन.

निकाल लागला, पास झालो. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिच्यासमोर बसून घाटावरचा माझा प्रयोग फुशारकीने उलगडून सांगितला. कुणी काही कबूल केलं नाही, माणसं फक्त मागे सरली, आणि कावळा आला. म्हणजे त्याला अडवत होती ती गर्दी. सिद्ध!

‘कुनी न्हाई कसं?’ तिने तव्यावरची भाकरी उलटली. ‘मी म्हनले व्हते की. मागं सरता सरता, मनातल्या मनात, तुझ्या आबास्नी. पोराला शिकू द्या, म्हनलं, त्येच्या नोकरीचं नाव मी घरात निघू देनार न्हाई. लगीच आला.’

बाकी सगळं होतं तसं ठेवून एकच गोष्ट बदलायची होती, आणि बदलल्या होत्या दोन. सरांनी असा प्रयोग तिथल्या तिथे बाद केला असता. मी तोंड उघडलं.

‘गप जेव आता,’ आई म्हणाली आणि तिने माझ्या ताटात भाकरी टाकली.