पान नंबर सत्त्याण्णव

हसणार नाही असं कबूल करा, तरच सांगतो. नाही जमणार? बरं, हसा. पण वैशालीसमोर, म्हणजे माझ्या बायकोसमोर, हा विषय काढू नका. ती अजूनही मध्येच आठवून हसत सुटते आणि गॅसवरची भाजी करपते.

तर मला निवडायचा फार नाद. पुस्तक असो का पिक्चर. वाचायचा किंवा पाहायचा नाद आहे असं मी म्हटलेलं नाही, नीट ऐका! निवडायचा. रविवारी दुपारी कूलर लावायचा, पडदे ओढायचे आणि टीव्हीवर पिक्चर शोधायला बसायचं. दीड तास शोधतो मी. कोणी काम केलं, किती स्टार मिळाले, लोक काय म्हणून राहिले, सगळं वाचतो. तोवर वैशालीचा चिवडा संपतो, तिचा डोळा लागतो आणि मी समाधानाने टीव्ही बंद करतो. निवड झालेली असते न!

पुस्तकांचंही तेच. मागचं कव्हर वाचायचं, पहिली दहा-अकरा पानं वाचायची, चांगल्या वाक्यांखाली पेन्सिलने रेघा मारायच्या. मग दुसरं पुस्तक. पण गप्पांत बसवा मला, कोणत्याही पुस्तकावर अर्धा तास बोलतो. सासुरवाडीत माझं नावच पडलं होतं, चॉइसवाले जावई. आता एवढा मान मिळाल्यावर कोण सांगेल की बापा, मी अकराच पानं वाचली?

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, धंतोलीतल्या दवाखान्यात. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मौद्याला वीज केंद्रात शिफ्ट इनचार्ज होते, आयुष्यभर पायाला भिंगरी. आता धरमपेठेतल्या घरी पलंगावर पडून. डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर घेऊन रोज हॉलमध्ये दहा चकरा मारा. मामाजी एकही मारेनात. चिडचिड, उपास, भिंतीकडे तोंड करून झोपणं. मामींचा, म्हणजे सासूबाईंचा, रडवेला फोन आला.

"जावईबापू, तुमची चॉइस चांगली आहे. यायले काही वाचाले, पाहाले द्या न. माणूस आतून खचून राहिला."

मला खरंच वाईट वाटलं हो. आणि खोटं कशाला बोलू, थोडी छातीही फुगली. दोन दिवस खपून मी यादी केली, चार पुस्तकं आणि सहा पिक्चर. त्यातली एक जाडजूड रहस्यकादंबरी माझ्याच कपाटात होती, तीच आधी नेऊन दिली. देताना वाटलं, थोडं वजन पडलं पाहिजे. म्हणून शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलं, 'अप्रतिम! दोनदा वाचली.'

इथे माझी साडेसाती सुरू झाली.

चौथ्या दिवशी, दुपारी चार वाजता, चहाच्या टायमाला मामाजींचा फोन.

"जावईबापू, हे काय गा देलं तुम्ही! पान नंबर शहाण्णव झालं का एकदम एकशे तेरा. मधातली सोळा पानंच नाहीत."

"अरे बाप रे! बाइंडिंगवाल्याने सोळा पानांचा अख्खा फर्माच गाळला वाटतं. दुसरी प्रत आणतो, मामाजी."

"तेवढा धीर कोणाले आहे? तुम्ही दोनदा वाचली न? सांगून द्या काय झालं ते."

आता काय करता? कादंबरीतलं मला ठाऊक होतं ते एवढंच, की थंड हवेच्या गावी एक लॉज आहे, त्यात सहा माणसं उतरली आहेत, त्यातले एक खोकणारे रिटायर पोस्टमास्तर आहेत, आणि कव्हरवर लिहिल्याप्रमाणे कोणीतरी मरतं. 'आठवत नाही' म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण जीभ! तोंडातून निघून गेलं, "पोस्टमास्तर गेले."

"काय सांगता! कसे?"

"विहिरीत पडून."

"अरेरे," मामाजी म्हणाले. मग पलीकडे आवाज, "ऐकलं काय वं? पोस्टमास्तर गेले!" मामींनीही हळहळ व्यक्त केली. मी फोन ठेवला आणि घाम पुसला. वाटलं, निभलं.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा फोन.

"जावईबापू, पोस्टमास्तर मेले म्हणता, आन् पान एकशे सदतीसवर बसून पोहे खाऊन राहिले न!"

मी चहाचा कप बाजूला ठेवला. "ते... ते नव्हेत. तो त्यांचा जुळा भाऊ."

"जुळा भाऊ! कुठून आला?"

"त्याच सोळा पानांत येतो. गोंदियाहून."

"पण खोकला तर तोच आहे?"

"खोकला खानदानी आहे, मामाजी."

तुम्ही हसता, पण माझी काय हालत झाली असेल? त्यानंतर रोज चार वाजले की फोन. लॉजचा मॅनेजर विहिरीजवळ काय करत होता? टॉर्च कोणाची होती? भाऊ आला तर सामान कुठे ठेवलं? मी एका खोट्याला दुसरं खोटं शिवत गेलो. आठवडाभरात त्या सोळा पानांत मी एक मयत, एक जुळा भाऊ, एक मोडलेलं लग्न आणि एक पोपट कोंबला. पोपट कशाला ते विचारू नका, मामाजींनी 'साक्षीदार कोणी होता काय?' असं विचारलं आणि मला दुसरं कोणी सुचलं नाही.

ऑफिसात फाईल उघडली तरी मला लॉजच दिसायचं. वैशाली म्हणाली, "अहो, तुम्ही ते पुस्तक खरंच वाचलं आहे न?"

"म्हणजे काय! दोनदा!" मी ओरडलोच तिच्यावर.

शेवटी शनिवारी सकाळी बर्डीच्या बाजारात जाऊन दुसरी प्रत आणली. दुकानाच्या पायरीवर उभं राहून, उन्हात, ती सोळा पानं वाचली. आणि पायाखालची जमीन सरकली. कोणी मरत नाही हो! सहाही जण जेवायला बसतात, पोस्टमास्तर भजन म्हणतात, आणि सगळे झोपायला जातात. विहीर नाही, पोपट तर नाहीच नाही.

ही प्रत उघडपणे दिली तर मामाजी ती पानं वाचणार, आणि चॉइसवाल्या जावयाची अब्रू विहिरीत. खरं सांगावं, तर तोंड कोणत्या तोंडाने दाखवायचं? मग डोकं लढवलं. एकशे तेराच्या पुढे ते पोचलेच होते. नवी प्रत लपवून न्यायची, नजर चुकवून जुनी पिशवीत टाकायची, आणि नव्या प्रतीतून ती सोळा पानं ब्लेडने आधीच कापून ठेवायची. माझ्या हातचं 'दोनदा वाचली' पुरावा म्हणून मागे राहू नये, म्हणून जुनी गायबच करायची. आता सांगताना मलाच कळत नाही की यात मी काय साधणार होतो. घाबरलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं.

पानं कापली, संत्रा बर्फी घेतली आणि दुपारी धरमपेठेत पोचलो. मामाजी पलंगावर नव्हते. मामी स्वयंपाकघरात. पुस्तक टीपॉयवर. मी पिशवीतून नवी प्रत काढली आणि जुनीवर झडप घातली. पिशवीत टाकण्याआधी सहज शहाण्णव नंबरचं पान उघडलं.

पुढे सत्त्याण्णव होतं.

अठ्ठ्याण्णव होतं. नव्याण्णव होतं. एकशे बारापर्यंत सगळी पानं जागच्या जागी! आणि प्रत्येक पानाच्या समासात मामाजींचं ठसठशीत अक्षर, फोनच्या वेळेसकट. '१६.०५. जावई: पोस्टमास्तर विहिरीत.' '१६.१०. जावई: जुळा भाऊ, गोंदिया. खोकला खानदानी.' '१६.०८. जावई: पोपट.' पोपटाखाली दोन रेघा.

"काय शोधून राहिले, जावईबापू?"

मामाजी दारात उभे, वॉकर धरून. माझ्या एका हातात जुनी प्रत, दुसऱ्या हातात कापलेली नवी. चोरसुद्धा इतका पुराव्यासकट सापडत नाही.

"मामाजी, तुम्हाला... कधीपासून माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून." ते हळूच खुर्चीत बसले. "मौद्याले पोरं मीटरपाशी जातच नव्हती. खुर्चीत बसल्या बसल्या लॉगबुकात आकडे भरत. आठ घंट्यांचं रीडिंग एका दमात. मले दुरून समजे. तुमचं पुस्तक उघडलं. अकरा पानांपर्यंत रेघाच रेघा, बारापासून कोरं करकरीत. आन् एकदम शेवटी लिवलेलं, अप्रतिम, दोनदा वाचली! म्हटलं, इथं मीटर न पाहता रीडिंग घेतलं आहे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग सरळ विचारलं काहून नाही?"

तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. पदराने डोळे पुसत होत्या, हसून हसून. "काहून विचारतील? चार वाजाची वाट पाहून राहात होते ते! तुमचा फोन झाला की वॉकर घेऊन शेजारच्या काकूकडे जात, आज काय झालं ते सांगाले. दहा काय, वीस चकरा होतात रोजच्या!"

आता रागवावं तरी कोणावर? माणूस चालायला लागला होता. मी खाली मान घालून सगळं कबूल केलं. अकरा पानं, कव्हर, स्टार, सगळं. मामाजींनी शांतपणे ऐकलं, बर्फीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "यादीत चार पुस्तकं होती, सहा पिक्चर होते. पिक्चर सारे पाहिले, पण तुमच्याइतकी मजा कशातच नाही आली. आम्ही तुम्हालेच निवडलं." मग जुनी प्रत माझ्या हातात दिली. "आता ही घरी न्या. मीटरपर्यंत जा."

नेली. महिना लागला, पण इमानदारीत एक एक पान वाचलं. पान नंबर सत्त्याण्णवही. काल शेवटच्या पानावर पोचलो. तिथे माझं 'अप्रतिम! दोनदा वाचली' होतंच. त्याच्या खाली मामाजींनी लिहून ठेवलं होतं:

'पुस्तक ठीकठाक. जावई अप्रतिम! रेकॉर्डिंग करून दोनदा ऐकला.'