कायमचा पत्ता : कॅम्प-एक

"काकू, जातो," एवढंच मी शेजारच्या दाराकडे बघून म्हणालो आणि आमचा कोलकात्याचा प्रवास ऑटोत बसायच्या आधीच अडला. आईनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"जातो काय म्हणून राहिला? येतो म्हण."

"आई, दोन-तीन दिवसांची तं गोष्ट आहे."

"दोन घंट्यांची असो. येतो म्हण पहिले."

म्हणालो. शेजारच्या काकू "या बाप्पा" म्हणाल्या, आईनं पिशवी उचलली आणि ऑटो दुर्ग स्टेशनाकडे निघाला. आमच्याकडे निघण्याची परवानगी ही अशी मिळते. पुढची परवानगी मात्र अमेरिकेच्या वकिलातीकडून मिळवायची होती, आणि तिथे आईचं काही चालणार नव्हतं.

प्रकरण सुजाताचं. ती आमच्याच भिलाईची, रुआबांध्याची. धातुशास्त्र शिकली आणि पुढच्या संशोधनासाठी अमेरिकेत गेली. गेली तीही अशा गावात, जिथे एकेकाळी पोलादाचे कारखाने होते आणि आता त्यांच्या चिमण्यांचे लोक फोटो काढतात. "आपल्या प्लांटचं म्हातारपण पाहून राहिली मी," असं ती फोनवर म्हणते. जाण्याच्या आधी बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर आमचं साक्षगंध (तुमच्याकडचा साखरपुडा) झालं. त्याला दोन वर्षं झाली. ती इकडे आली तर परत जायच्या कागदांचं काय होईल याचा भरवसा नाही, म्हणून ती येत नाही. मग मीच तीन आठवड्यांची रजा काढून जावं असं ठरलं.

खरं सांगायचं तर मला धास्ती वाटायला लागली होती. सुरुवातीला आम्ही तासन्‌तास बोलायचो. नंतर नंतर आमचं बोलणं म्हणजे "जेवलास?" "हो. तू?" "जेवीन आता." एवढ्यावर आलं. भांडणही होत नव्हतं, हे त्याहून वाईट. फोनवर किती दिवस साक्षगंध टिकतं हे मला माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायची सोय नव्हती. या वेळी व्हिसा मिळाला नाही तर पुढची तारीख कधी मिळेल याचा पत्ता नव्हता. हीच तारीख मिळायला पावसाळा आणि हिवाळा गेला होता.

आई बरोबर कशासाठी? मी रेल्वेच्या सिग्नल विभागात आहे, बाबा गेल्यापासून आई माझ्या पासावर चालते, आणि तिनं कोलकाता पाहिलेलं नव्हतं. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण एकच, तिला मला एकट्याला सोडायचं नव्हतं.

हावड्याच्या गाडीत समोरच्या बाकावर नागपूरकडचं एक रेल्वेचंच जोडपं होतं. "जय भीम" झालं, गावं विचारून झाली आणि रायपूर यायच्या आत आईनं डबा उघडला. तिखट पुऱ्या, ठेचा आणि ठेठरी (बेसनाची जाड कुरकुरीत शेव, छत्तीसगढी लोकांकडून आमच्या घरात आली आणि घरचीच झाली). पोरगा कुठं निघाला हे आईनं त्यांना सांगितलं, तेव्हा त्या बाईंनी ठेठरी मोडता मोडता विचारलं, "अन् हा तिकडंच राहून गेला तं?"

आई म्हणाली, "नाही राहात." आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. अजून पुऱ्या शिल्लक होत्या.

सकाळी हावड्याला उतरलो. पिवळी टॅक्सी केली आणि थोड्याच वेळात तो प्रचंड पूल डोक्यावर आला. मी आतापर्यंत तो चित्रातच पाहिलेला. लोखंडाच्या तुळयांमधून ऊन खाली सांडत होतं, आणि माणसं डोक्यावर फुलांच्या, भाजीच्या टोपल्या घेऊन गाड्यांच्या बरोबरीनं धावत होती. आईनं खिडकीतून मान बाहेर काढून पाहून घेतलं आणि ड्रायव्हरला विचारलं, "भैया, ये हमारे भिलाई का लोहा है ना?"

ड्रायव्हर हसला. म्हणाला, "माँ जी, ये पुल तो आपके भिलाई से पहले का है."

आईला ते आवडलं नाही. लॉज येईपर्यंत तिनं दुसऱ्या कुठल्याच इमारतीचं कौतुक केलं नाही.

पहिल्या दिवशी फक्त बोटांचे ठसे आणि फोटो. सिग्नलच्या तारा आणि ग्रीस यांत वर्षं गेल्यामुळे माझा उजवा अंगठा यंत्राला मान्य होईना. तिथल्या मुलीनं तो तीनदा पुसायला लावला. शेवटी मी तो शर्टाच्या आतल्या बाजूला खसाखसा घासला आणि यंत्रानं मला माणूस म्हणून स्वीकारलं.

दुपार मोकळी होती म्हणून आम्ही फेरीबोटीनं हुगळी ओलांडली. पाणी गढूळ, मातकट, पण वारा इतका छान की आईनं डोक्यावरचा पदर सोडून दिला. पलीकडच्या घाटावर झालमुडी घेतली. मुरमुरे, कच्चं मोहरीचं तेल, हिरवी मिरची, खोबऱ्याचे काप, सगळं कागदाच्या पुड्यात. आईनं एक घास खाऊन निकाल दिला, "हे तं आपलं मुर्राच आहे. तेल जास्त टाकते." (मुर्रा म्हणजे मुरमुरे.) आणि मग दुसरा पुडा मागितला.

परतताना बोटीच्या कठड्याशी उभी राहून तिनं विचारलं, "तुले उद्या काय विचारतीन?"

"एवढंच की मी परत येईन का."

"अन् तू काय सांगशीन?"

"येतो म्हणीन."

ती हसली. पण माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघून.

दुसऱ्या दिवशी वकिलातीच्या रस्त्यावर रांग. आत मोबाइल न्यायचा नाही, पिशवी न्यायची नाही, डबा तर नाहीच. समोरच्या चहाच्या टपरीवरच्या बाकावर मी आईला बसवलं, फोन तिच्या हातात दिला. "काही खाऊन घे," म्हणालो.

"तू आला का मंग खाईन."

आत एका हॉलमध्ये खिडक्या आणि खिडक्यांसमोर आम्ही. माझ्या पुढच्या माणसाच्या फायलीत घराचे, शेताचे, दुकानाचे कागद होते. त्याला चार प्रश्न विचारले आणि पासपोर्ट परत केला. तो फाईल छातीशी धरून गेला.

माझ्या खिडकीत एक तरुण अधिकारी बाई होत्या. निळे डोळे, आणि हिंदी अशी की एकेक शब्द तपासून बाहेर ठेवल्यासारखा. अर्ज पडद्यावर बघता बघता त्या थांबल्या.

"आप कैम्प में रहते हैं?"

"जी. कैम्प-एक."

"परमानेंट पता… कैम्प?"

"जी, परमानेंट."

"कैसा कैम्प? शरणार्थी?"

भिलाईत माझा जन्म गेला, पण कसला कॅम्प हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. अर्जात पत्ता लिहितानाही मनात आलं नव्हतं. आम्हाला ते गावाचं नाव वाटतं, तंबू दिसतच नाहीत. मी घाईघाईनं सांगायला लागलो. नाही मॅडम, प्लांट बांधायच्या वेळी मजुरांच्या राहण्यासाठी कॅम्प टाकले होते. कॅम्प गेले, नाव राहिलं. आता पक्की घरं आहेत, बाजार आहे, आमच्या घरावर तर गच्ची आहे. माझे आजोबा भंडाऱ्याकडच्या खेड्यातून तिथे आले होते.

"कितने दिन के लिए आए थे?" त्यांनी सहज विचारलं.

आता, ही गोष्ट आमच्या घरात लग्नात, बारशात, पाहुण्यांपुढे नेहमी सांगितली जाते, आणि नेहमी छाती फुगवून. मीही त्याच तोऱ्यात म्हणालो, "दो महीने के लिए आए थे, मॅडम. फिर वापस गए ही नहीं!"

बोललो आणि मग मलाच ऐकू आलं. बाईंची बोटं थांबली.

"तो आपके दादाजी," त्या हळूहळू म्हणाल्या, "दो महीने के लिए आए. और वापस नहीं गए."

"…जी."

"और आप कितने दिन के लिए जा रहे हैं?"

"तीन हफ़्ते," मी म्हणालो.

सुजाता डोळ्यांपुढे आली. दोन वर्षं वाट पाहिली आणि आजोबांनी घोळ केला! मेलेला माणूस, त्याच्यावर रागावणार तरी कसं?

"आपके दादाजी वापस क्यों नहीं गए?"

आता सावरायला काही उरलंच नव्हतं, म्हणून जे खरं ते सांगितलं. "काम वहीं था, मॅडम. गाँव में कुछ नहीं था, न ज़मीन, न इज़्ज़त. लेकिन मेरा काम तो दुर्ग में है. वहाँ की रेल मेरे बिना चल जाएगी. पर मेरी माँ बाहर चाय की टपरी पर बैठी है. मैं निकलूँगा नहीं तब तक वो खाएगी नहीं. उसको मैं कितने दिन भूखा रखूँगा?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग सुजाताबद्दल विचारलं, कुठे शिकते, शेवटचं कधी भेटलो.

"दो साल हो गए."

"वहाँ जाकर क्या करेंगे?"

पाहण्यासारख्या जागांची नावं मी पाठ केली होती. एकही आठवलं नाही. "उसके साथ बैठकर खाना खाऊँगा," मी म्हणालो, आणि डोळ्यांत पाणी आलं ते आलंच.

त्यांनी कळफलकावर काहीतरी टाईप केलं. मग त्यांनी पासपोर्ट आपल्याकडे ठेवून घेतला. "आपका वीज़ा मंज़ूर है," त्या म्हणाल्या, आणि हसून पुढे, "कैम्प वापस आइएगा."

मी किती वेळा धन्यवाद म्हटलं ते आठवत नाही. बाहेर धावत आलो तर टपरीवर वेगळाच थाट. आईच्या मांडीवर आठ-दहा फोन, पायाशी पिशव्या, एक हेल्मेट. रांगेतल्या लोकांनी तिच्याकडे बघून आपापलं सामान तिच्याच स्वाधीन केलं होतं. मला बघताच ती उठायला गेली आणि फोन सावरत पुन्हा बसली.

"झालं काय?"

"झालं."

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "थांब. हे लोक येऊ दे पहिले. मले हलता येत नाही."

सुजाताकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी पहिल्याच घंटीला तिनं फोन उचलला. "मिल गया," मी म्हणालो. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "खोटं बोलून राहिला असशील तं पाहाच," ती म्हणाली, आणि लगेच, "तुले काय खायचं आहे ते सांग. इथं सगळं भेटते. वांगे पण भेटतेत." त्या दिवशी आम्ही वांग्यांवर बोललो, मग तिच्या खोलीच्या भाड्यावर भांडलो. भांडलो याचं मला इतकं बरं वाटलं की आईसमोरच हसत सुटलो.

फोनवाले एकेक करून आले. शेवटचं हेल्मेट गेलं तेव्हा आईनं ठेठरी काढली.

परतीच्या गाडीत मी तिला वकिलातीच्या खिडकीवरची सगळी कहाणी सांगितली. आजोबांच्या वाक्याला पोचलो तशी तिनं कपाळावर हात मारला. "हे सांगितलं कावून रे बाप्पा? बाकी दुनिया सांगतेत घर आहे, वावर आहे. अन् तू सांगते, आमच्यात वापस जातच नाहीत!" मग इतकी हसली की वरच्या बर्थवरचा माणूस वाकून बघायला लागला.

हसू ओसरल्यावर तिनं खिडकीकडे तोंड वळवलं. भाटापारा मागे पडलं होतं. कापलेल्या धानाची शेतं, मधेच एखादं तळं, त्यात म्हशी.

"तुहा आजाही आपल्या मायले येतो म्हणूनच निघाला होता," ती म्हणाली. "सासूबाई सांगत मले. ते बुढी रोज सांजेला दारात बसे."

"मग गेला नाही तो कधीच?"

"गेला ना. एक बार गेला. बुढीले इकडं आणाले." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणली. पण बुढीचं मन काही लागलं नाही इथं. गावाचंच नाव घेत मेली."

ही बाजू आमच्या लग्नाबारशांत कुणी सांगत नाही.

"तू जा. सुजाताले भेट. चांगलं खा-पी," आई म्हणाली. "पण मले न्यायले येऊ नको. राहाले ये."

"येतो ना, आई."

"हो. येतो तं सगळेच म्हणतेत."

दुर्गला उतरलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. ऑटोवाल्यानं विचारलं, "कहाँ?" आई म्हणाली, "कैम्प-एक." कसला कॅम्प, हे त्यानं विचारलं नाही.

घर उघडलं. आईनं चहाचं आधण ठेवलं, तर दूध नव्हतं. मी चपला सरकवल्या आणि दारातून सवयीनं म्हणालो, "येतो."

दुकान गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. दुधाची पिशवी घेऊन वळलो तर आई दारात येऊन उभी होती.