अक्कांनी केलेली तोंडं

आमच्या घरी बिबडा तळला की पानात वाढायच्या आधी विचारावं लागतं, हा कोण?

बिबडा म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड. चैत्रात असोद्याच्या प्रत्येक गच्चीवर तो वाळत असतो. ज्वारी भिजवायची, दळायची, तिचा तीळ-मिरची घालून घाटा शिजवायचा आणि गरम गोळा ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने थापायचा. बाकीचं जग एवढ्यावर थांबतं. माझ्या सासूबाई, कस्तुरा अक्का, थांबत नाहीत. त्या थापलेल्या बिबड्यावर अंगठा दाबून गाल काढतात, जिऱ्याच्या भुवया लावतात, तिळाचे दात बसवतात आणि मिरचीच्या सालाचे ओठ. मग मान तिरकी करून बघतात आणि म्हणतात, "झाली सुंदरबाई." शेजारची सुंदरबाई तिथेच गोळे करत बसलेली असते. ती वाकून बघते आणि म्हणते, माझे दात एवढे पुढे नाहीत. ते असतात.

मी लग्न होऊन जळगावहून आले तेव्हा पहिल्याच चैत्रात माझंही तोंड गच्चीवर वाळलं. भुवया वर चढवलेल्या, ओठ आवळलेले. "मी अशी दिसते?" मी विचारलं. "नई, अशी बघते," अक्का म्हणाल्या. तेव्हापासून आमचं दोघींचं हे असंच चाललंय.

गल्लीला मात्र याचं भारी कौतुक. दुसऱ्यांच्या घरी बिबडे करायला बायकांना बोलवावं लागतं, आमच्याकडे न बोलावता येतात. आज कोणाचा नंबर लागतो ते बघायला. समोरचे तोताराम नाना तर दरवर्षी स्वतःचा बिबडा मागून नेतात आणि आधी मिशी खातात. नानांची मिशी डावीकडे वर, उजवीकडे खाली. अक्कांना ती फार आवडते, अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात जमते म्हणतात.

त्याच मिशीने माझा घात केला. मागच्या वर्षी माझ्या ममताला बघायला एक स्थळ आलं. चांगलं होतं, पोरगा नोकरीला. मी घाईघाईत पोह्यांबरोबर बिबडे तळले आणि कोण आहे ते बघायचं विसरले. मुलाचे मामा मधोमध बसले होते. त्यांची मिशी डावीकडे वर, उजवीकडे खाली. आणि त्यांच्या ताटलीत तोताराम नाना, तेलात फुगून दुप्पट झालेले. मामांनी बिबड्याकडे बघितलं, मग स्वतःची मिशी चाचपली. शेजारी बसलेला त्यांचा मेहुणा फसकन हसला, आणि तिथेच सगळं संपलं. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

अक्कांनी त्या मामांना जन्मात पाहिलं नव्हतं. पण हे सांगणार कोणाला? मीच कपाळावर हात मारून घेतला.

म्हणून यंदा साक्रीचं स्थळ ठरलं, साखरपुडा झाला आणि रुखवताचे बिबडे करायची वेळ आली, तेव्हा मी अक्कांना समोर बसवलं. "रुखवतातल्या एकाही बिबड्याला तोंड नको. ममताची शपथ घ्या."

"पापडाले तोंड नसलं त तो ओळखायचा कसा?"

"ओळखायचा नाही. खायचा."

अक्कांनी शपथ घेतली. नातीचं लग्न होतं, दुसरं काय करतील?

आणि त्यांनी ती पाळली. मला वाटलं होतं, जित्याची खोड, एखादा तरी डोळा कुठेतरी उघडेल. नाही उघडला. सगळे बिबडे गोल, गुळगुळीत, दुकानातून आणल्यासारखे. बायका आल्या, थोडा वेळ थापत बसल्या, एकमेकींकडे बघत राहिल्या. सुंदरबाई म्हणाली, "आज काई मजा नई," आणि घरी भाजी टाकायचीय म्हणून उठली. एरवी तिची भाजी दुपारपर्यंत अडत नाही. अक्का थापत राहिल्या. त्यांचा अंगठा तेवढा मधून मधून बिबड्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. मी जिंकले होते आणि मला त्याचा रागच येत होता. कोणावर, ते विचारू नका.

दुपारी सगळे आडवे झाले. पातेल्याच्या तळाशी एक गोळा उरला होता. वाया कशाला घालवायचा म्हणून मी एकटी गच्चीवर गेले आणि तो थापला. शपथ अक्कांनी घेतली होती, मी नाही. मी अंगठा दाबला. गाल फारच खोल गेले. म्हटलं, असू दे, म्हातारीचे गाल असेच असतात. मग कपाळावर लाल मिरचीचं मोठं कुंकू, दात नसलेलं तोंड, आणि नाक. नाक करता करता ते इतकं मोठं झालं की मला हसू आवरेना. एकटी, उन्हात, पदर तोंडात कोंबून हसत होते. कित्येक वर्षांत मी असं काही केलं नव्हतं. माझ्या सासूबाई माझ्यापुढे ओल्या पडल्या होत्या आणि त्यांना काही बोलता येत नव्हतं. फार बरं वाटलं.

वाळला की गुपचूप काढून घेऊ, असं ठरवून मी तो कोपऱ्यात, टाकीमागे ठेवला. पण तिसऱ्या दिवशी मी वर गेले तेव्हा गच्ची झाडून साफ. कामसू पोरगी माझी, ममताने टाकीमागच्यासकट सगळे बिबडे न बघताच गोळा करून डब्यात भरले होते. आणि डब्याचं तोंड फडक्याने बांधून अक्का त्याच्या शेजारीच बसल्या होत्या. "आता कोन्ही म्हनायचं नई का कस्तुराने काई केलं," म्हणाल्या. डबा लग्नापर्यंत त्यांच्या खाटेखाली. तोंडचं पाणी पळालं माझ्या.

लग्नाच्या दिवशी मांडवात रुखवत मांडलं. शेवया, कुरडया, लाडू, आणि मधे बिबड्यांची चळत. मांडणारी ममताची मैत्रीण, तिला काय कळतंय? नवरदेवाकडच्या बायका बघायला आल्या, त्यांच्या पुढे नवरदेवाची आजी, भिकुबाई. वाकलेली, काठी टेकत आलेली. पण प्रत्येक वस्तू उचलून, हुंगून, मगच खाली ठेवणार. बिबड्यांपाशी आली. एक उचलला, दुसरा उचलला. तिसरा उचलला आणि तशीच उभी राहिली.

"हाई कोन शे?"

मांडवातल्या बायका गोळा झाल्या. माझ्या नवऱ्याने, नवलरावांनी, डोळेच मिटून घेतले. नटलेली ममता लांबून आपल्या आजीकडे असं बघत होती की वाटलं, आता रडणार. सगळ्यांच्या नजरा अक्कांवर. शपथ मोडली म्हातारीने, हेच प्रत्येकाच्या मनात. तोताराम नाना तेवढे खुशीत होते, यंदा दुसऱ्याचा नंबर म्हणून.

अक्का पुढे झाल्या. बिबडा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. खोल गाल, बोळकं तोंड, मोठं कुंकू. त्यांनी स्वतःला ओळखलं, मी बघितलं ना. मग नाकापाशी थांबल्या, आणि तिथून नजर उचलून थेट माझ्याकडे. पहिलं स्थळ पापडाने मोडलं, दुसरं नवरीच्या आईने मोडलं, असं गाव म्हणणार होतं.

तेवढ्यात भिकुबाईने बिबडा परत ओढून घेतला. "हाई मीच शे ना?"

मी बघितलं. खरंच, तिचेही गाल बसलेले, तोंडात दात नाही, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आणि नाक तर माझ्या बिबड्यापेक्षा सरस.

अक्कांनी माझ्यावरची नजर काढली. "हो. तुमीच," म्हणाल्या. "साखरपुड्यात पाह्यलं तुमाले. मीच केलं. हात ऐकत नई माहा, काय करू?"

भिकुबाईने बिबडा डोळ्यांजवळ नेला, नाकावरून बोट फिरवलं. मग वळून आपल्या सुनांना म्हणाली, "फोटोमां बी मी कडेच ऱ्हास. दखा, हाई बठ्ठं मन्हंच तोंड शे." फोटोत कायम कडेला राहणाऱ्या म्हातारीला इथे अख्खं तोंड मिळालं होतं. तिने बिबडा पदरात गुंडाळला. जेवताना तिच्या सुनेने तो ठेवायला मागितला तर तिच्या हातावर मारलं. साक्रीला जाताना वऱ्हाडाच्या गाडीत तो तिच्या मांडीवर होता. ममताने नंतर फोनवर सांगितलं, देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय, तळायचं नाव काढायचं नाही.

ममता गेली त्या संध्याकाळी घर खायला उठलं. मी रडायचं म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं, हाताला काहीतरी पाहिजे म्हणून. अक्का येऊन समोर पाटावर बसल्या. मला वाटलं, आता हिशेब होणार.

"अक्का, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?" मीच विचारलं.

"तुहं पहिलंच होतं ना. पहिल्याच खेपेले कोन्ही बोललं त मंग हात पुन्हा उठत नई." मग म्हणाल्या, "माले बी बोलले होते. चार वर्सं मी सादेच थापत होती."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. परातीतला गोळा तसाच हातात धरून बसले.

"माहं तोंड त साकरीले गेलं," अक्का म्हणाल्या. "आता दुसरं कर."

"घाटा कुठे आहे आता? चैत्रात करू."

"भाकरीवर कर. आनि नाक नीट बघून कर."

मी गोळा थापला, अंगठा ओला केला आणि डोळे पुसले. अक्का अजून हनुवटी वर करून बसल्या होत्या.

"हलू नका," मी म्हटलं.