दूध न घेणाऱ्या अण्णांची रत्नागिरी

दूध संस्थेत नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. सकाळ-संध्याकाळ सारं गाव आपापली किटली घेऊन दारात उभं असतं, आणि रांगेत उभा राहिलेला माणूस गप्प बसत नाही. मी बेंबळीजवळच्या आमच्या गावच्या संस्थेत सचिव होतो. तापल्या दुधावर साय धरावी तसे किस्से धरायचे. काढा, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार. त्यातले रत्नागिरीच्या सहलीचे तेवढे सांगतो. ते मी बऱ्याच जणांना सांगितलेत, पण शेवटचा सांगताना बायको नेहमी उठून आत जाते.

* * *

सहल म्हणायचं नाही, अशी चेअरमनसाहेबांची सक्त ताकीद होती. अभ्यास दौरा म्हणायचं. रत्नागिरीकडची एक डेअरी बघायची, चार गोष्टी शिकायच्या आणि परत यायचं. कागदावर तसा ठरावही झाला. त्यात "सहकुटुंब" हा शब्द साहेबांनी नंतर स्वतःच्या पेनानं घातला.

मीटिंगमध्ये एका संचालकानं हरकत घेतली. बायकापोरं तिकडं कसला अभ्यास करणार, असा त्याचा सवाल होता.

साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "धार कोण काढतंय तुमच्यात? तुमी?"

तो गृहस्थ जन्मात कधी म्हशीखाली बसला नव्हता. ठराव एकमतानं मंजूर झाला, आणि यादीत पहिलं नाव त्याच्याच मंडळींचं आलं.

* * *

आता अण्णा. आमच्या संस्थेत दूध मापायचं काम अण्णांकडे होतं. वय पन्नाशीच्या आसपास, आवाज बारीक, हात लोखंडाचे. हा माणूस दूध घेत नव्हता. दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही, पेढासुद्धा नाही. मांसमच्छी तर आधीच सुटलेली.

कारण बहात्तरच्या दुष्काळातलं. अण्णा तेव्हा जनावरांच्या छावणीवर कामाला होते. त्यांची स्वतःची गायही तिथंच बांधलेली होती आणि ती आटली होती. एक दिवस छावणीच्या ऑफिसात त्यांच्या हातात दुधाचा चहा आला, आणि समोर त्यांच्याच गाईचं वासरू कोरड्या सडाला ढुसण्या देत होतं. अण्णांनी कप खाली ठेवला. वासरू चार दिवसांनी गेलं, गाय आठवड्यानं. अण्णांनी पुन्हा दावणीला जनावर बांधलं नाही आणि दुधाला तोंड लावलं नाही.

पुढं गावात संस्था निघाली तेव्हा चेअरमनसाहेबांनी मापावर मुद्दाम अण्णांनाच बसवलं. ज्याला चाखायचंच नाही तो चोरून पिणार कसा, हा त्यांचा हिशेब. एकदा मी अण्णांना विचारलं होतं, तुम्ही दूध सोडलंत, मग या धंद्यात कसे? ते म्हणाले, "लोकांच्या पोटाचं काम हाय. माझं म्या सोडलं, त्येंचं कशाला सोडाया लावू?"

या सगळ्याचा जाच झाला तो त्यांच्या बायकोला, सुगंधा वहिनींना. अण्णा लग्नात जेवत नसत, पाहुण्याकडे जेवत नसत. भाकरी फडक्यात बांधून नेत आणि कुठंतरी झाडाखाली बसून खात. वहिनी मग बायकांच्या पंगतीत बसून सगळ्यांना कारणं सांगत. घरीसुद्धा अण्णा पहाटे भाकरी खाऊन मापावर यायचे, आणि वहिनी मागाहून केव्हातरी जेवायच्या. दौऱ्याला यायला त्या एका अटीवर तयार झाल्या. माझ्या बायकोजवळ त्यांनी ती बोलून दाखवली. "मला समिंदर न्हाय दावला तरी चालंल. एकदा हाटेलात एका टेबलाला बसून ह्येंच्या संगं जेवायचं हाय. अकरा वरसं झाली."

एवढंच मागणं होतं. आम्हाला वाटलं, हे काय अवघड आहे!

* * *

एसटी करारावर घेतलेली. पुढच्या काचेवर आम्ही संस्थेचा फलक लावला होता : "रोज दूध प्या, निरोगी राहा." तामलवाडीला चहासाठी थांबलो. अण्णा खाली उतरले, बरोबर फलकासमोर उभे राहिले आणि चहावाल्याला म्हणाले, "मला कोरा. दूध नगं."

चहावाल्यानं एकदा फलक वाचला, एकदा अण्णांकडे पाहिलं. मग आपल्या दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढून हळूच वास घेतला. शेजारच्या बाकावर सोलापूरकडे निघालेले पाचसहा जण होते. त्यातला एक म्हणाला, "दूध संस्थेचा माणूसच पेत न्हाय म्हंजे काईतरी कारण आसंल." आणि सगळ्यांनी कोरा मागितला.

चेअरमनसाहेबांनी अण्णांचा दंड धरून त्यांना गाडीच्या मागच्या बाजूला नेलं. इथून पुढं जिथं थांबू तिथं तुम्ही मागच्या दारानं उतरायचं, असं त्यांनी सांगितलं. अण्णांनी रत्नागिरी येईपर्यंत ते पाळलं.

* * *

रत्नागिरीतलं पहिलं हॉटेल. टेबलं मिळाली, वहिनींनी पदर सारखा केला, त्यांची आठ वर्षांची लेक मंदा खुर्चीवर बसून पाय हलवू लागली. अण्णा समोर बसले. इथवर सगळं छान होतं.

वेटरनं माशांची नावं सुरू केली. आमच्या लोकांना त्यातलं एकही ठाऊक नव्हतं, पण सगळे मान डोलावत ऐकत होते. अण्णांनी त्याला थांबवून शाकाहारी काय आहे ते विचारलं. भाजी आहे म्हणाला. त्यात काय असतं? दही. आमटी? तिला तुपाची फोडणी. भात? भात साधा आहे म्हणाला, आणि आणताना वर मोठा चमचा तूप घालून घेऊन आला, पाहुण्यांना कमी पडायला नको म्हणून.

अण्णांनी ताट हळूच सरकवलं. मालक माणूस भला. तो स्वतः आला, तूप चमच्यानं काढून टाकलं आणि म्हणाला, "हं, गेलं बघा."

अण्णा भाताकडे बघत राहिले. "वरचं गेलं. खाली उतारलं त्येचं काय?"

मग ते उठले, पायरीवर जाऊन बसले आणि फडक्यातली भाकरी सोडली. तीन दिवसांची भाकरी अण्णा घरूनच घेऊन आले होते. वहिनींनी मंदाला भरवलं, स्वतः दोन घास खाल्ले आणि हात धुतला. मला त्या दिवशी अण्णांचा राग आला होता. एखादा माणूस एका दिवसापुरता डोळेझाक करू शकत नाही का, असं वाटलं, आणि ते मी बायकोला बोललोही. ती म्हणाली, त्यांनी केली असती तरी वहिनींना चाललं नसतं.

* * *

दुसऱ्या दिवशी डेअरी. आम्हाला ओळीनं खुर्च्या, प्रत्येकाच्या हातात थंड दुधाची बाटली. यजमान हौशी होते. आता अण्णांचं काय करायचं? चेअरमनसाहेबांनी आदल्या रात्रीपासून विचार करून ठेवला होता. त्यांनी पुढं होऊन सांगितलं की आमच्या या गृहस्थांचं पोट बिघडलंय.

डेअरीच्या माणसांसमोर पोट बिघडल्याचं सांगू नये. मॅनेजर म्हणाले, मग ताक द्या. शेजारचे म्हणाले, ताकानं काय होतंय, दही-साखर द्या. तिसऱ्यानं आतून गरम दुधात हळद घालून आणली. थोड्या वेळानं अण्णांच्या समोर चार भांडी मांडलेली आणि चार माणसं, कशानं आधी बरं वाटतंय ते बघायला उभी.

अण्णांनी हात जोडले. "मी बरा झालो," म्हणाले आणि मशिनरी बघायला निघून गेले.

ती चारही भांडी चेअरमनसाहेबांना संपवावी लागली. संध्याकाळी पोट त्यांचं बिघडलं.

* * *

त्याच संध्याकाळी समुद्र. आमच्याकडच्या माणसाला विहिरीत डोकावून पाणी किती हात खाली गेलं ते बघायची सवय. इथं पाणी आपण होऊन पायाशी येत होतं. बायका आधी लांब उभ्या राहिल्या. मग वहिनींनी लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि मंदाला घेऊन पुढं गेल्या. लाट आली की दोघी मागं पळायच्या, लाट गेली की पुढं. माझी बायको त्यांच्यात सामील झाली. मी तिला तसं पळताना लग्नाआधी नाही आणि नंतरही नाही पाहिलं.

पुरुष मंडळी वाळूत बसून, एवढं पाणी आपल्या शिवारात असतं तर किती ऊस झाला असता, यावर वाद घालत होती. अण्णा उठले. पिण्याच्या पाण्याची आमची किटली रिकामी झाली होती, ती त्यांनी समुद्रात बुडवून भरून आणली. आम्हाला वाटलं पाय धुणार. त्यांनी खिशातून नळी काढली, पुसली आणि त्यात सोडली.

लॅक्टोमीटर! दूध दाट की पातळ ते सांगणारी काचेची नळी. दुधात पाणी असेल तर खोल बुडते, नसेल तर वर राहते. साध्या पाण्यात तर पार शून्यापर्यंत जाते. आमच्या संस्थेत ती सव्विसाच्या खाली गेली की दूध परत. ही नळी अण्णा सहलीलाही घेऊन आले होते.

ती चोवीसवर थांबली.

अण्णांनी पुन्हा बुडवली. पुन्हा चोवीस. आम्ही सगळे किटलीभोवती वाकून बघत होतो. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "पाणी घातल्यालं हाय. पर लई न्हाय."

एक संचालक अभिमानानं म्हणाला की आमच्या घरच्या दुधापेक्षा चांगलं आहे. ते खरंच होतं, त्याचं दूध बाविसाच्या वर कधी आलं नव्हतं. फक्त चेअरमनसाहेब हसले नाहीत. मिठानं नळी वर येते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी सगळ्यांना तिथंच वाळूत शपथ घातली की ही गोष्ट गावात कुणाला सांगायची नाही. महिनाभरातच दुधाला खारट चव येऊ लागली. अण्णा दूध चाखणार नाहीत, त्यामुळं रोज सकाळी रांगेतली प्रत्येक किटली चाखायचं काम माझ्याकडे आलं.

* * *

तिसऱ्या दिवशी दुपारी परत निघायचं होतं. सकाळी वहिनी माझ्या बायकोला घेऊन बाहेर पडल्या. आम्हाला वाटलं बांगड्या घ्यायला गेल्या असतील. दोघी घरोघर विचारत हिंडत होत्या. शेवटी मांडवीच्या वाटेवर एक काकू सापडल्या. घरातच खानावळ चालवायच्या. वहिनींनी त्यांना काय काय चालत नाही त्याची सगळी यादी सांगितली. काकूंनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, "नारळ चालतो ना? मग झालं तर."

आम्ही अकराच्या सुमाराला गेलो. अण्णा आधी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. काकूंनी त्यांना आत बोलावलं, खोबरं खवलं, वाटलं, पिळलं, सगळं समोर केलं. त्या रागावल्या नाहीत, हे मला आजही विशेष वाटतं. काळ्या वाटाण्याचं सांबारं, केळफुलाची भाजी, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी आणि गूळ घातलेला खोबऱ्याचा रस. तुपाचा थेंब नाही.

एकच लांब टेबल होतं. अण्णा बसले. वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. मंदा, मी, माझी बायको समोर. अण्णांनी भात कालवला, पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग सांबारं मागून घेतलं. वहिनी बघतच राहिल्या होत्या. त्यांचे डोळे भरले आणि आमचेही भरले, खोटं कशाला सांगू.

बाकीच्यांसाठी काकूंनी दही लावलं होतं. प्रत्येकाच्या पानाशी एकेक वाटी ठेवत त्या आल्या. वहिनींच्या पानाशी ठेवली तशी वहिनींनी ती लगेच मंदाकडे सरकवली. "मी न्हाय खात," म्हणाल्या.

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. अण्णांनी घरात कुणाला बंदी केली नव्हती, पण नवऱ्यानं सोडलं म्हणून वहिनींनीही सोडलं, अशी त्यांची ख्याती होती. बायका आपल्या सुनांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. खरी गोष्ट फक्त माझ्या घरात माहीत होती. वहिनींना दह्यावाचून घास उतरत नसे. रोज दुपारी अण्णा शेतात गेले की त्या आमच्याकडे यायच्या. माझी बायको त्यांच्यासाठी वेगळं विरजण लावायची. चुलीपाशी बसून त्या एक वाटी दही खायच्या, तोंड धुवायच्या आणि घरी जायच्या. याची वाच्यता करायची नाही, म्हणून बायकोनं मला देवासमोर उभं केलं होतं.

अण्णांनी डाव्या हातानं ती वाटी मंदापुढून उचलली आणि परत वहिनींच्या पानाशी ठेवली.

"खा," म्हणाले.

"मी कुटं खाती?"

अण्णा भात कालवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "संस्था निघाल्यापास्नं सचिवाच्या घरचं दूध रोज पावशेर कमी येतंय. तू म्हायेरी गेलीस की पुरं भरतंय. मापाला म्याच बसतो न्हवं?"

माझी बायको पानात बघत होती. मीही पानात बघितलं. मंदा एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती.

वहिनींनी वाटी ओढली आणि तिथंच, सगळ्यांसमोर, सगळं दही खाल्लं.

अण्णांनी आणखी भात मागितला. मग म्हणाले, "उद्यापास्नं विरजण घरीच लावत जा. सचिवाची म्हस बी आता म्हातारी झाली."