शबानाच्या गोष्टीखाली श्रद्धांजली

मंडळी, आज ग्रुपवर दिवसभरात शंभर शब्दांची गोष्ट लिहायचं आव्हान मीच ठेवलं होतं. म्हणून हे बोलणंही मलाच भाग आहे.

सकाळी अचलपूरच्या शबानानं पहिली गोष्ट टाकली. वर ‘कथा’ असं लिहिलेलं होतं. सुरुवात होती, ‘अब्बा गेले. शिलाई मशीन तेवढी मुकी बसून राहिली.’

एकानं खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं. झालं, बाकीच्यांनी तेच उचलून चिकटवलं. कोणीतरी तिच्या अकोल्याच्या मामांना फोन केला. ते बिचारे रडत एसटीत बसले.

शेवटची ओळ वाचली असती, तर कळलं असतं की गोष्टीतले अब्बा मशीनसाठी तेल आणायला परतवाड्याला गेले होते. शंभर शब्द वाचणं होत नाही तुमच्यानं? अन् लेखकांचा ग्रुप म्हणवता?

माफी मागायला मी शबानाला फोन लावला. उचलला अब्बांनीच.

“मले मारलं ते जाऊ द्या ताई,” ते म्हणाले. “पोरीची कहानी कोनी पुरी वाचली काय?”